सतरा नंबरचा खांब

चौकीत त्यांना सगळे 'अर्धे साहेब' म्हणत. नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण बसलं होतं चपखल. अंगात पिवळं जाकीट होतं, पण ती वर्दी नव्हती. गळ्यात शिट्टी नाही, डोक्यावर टोपी नाही, कमरेचा पट्टासुद्धा स्वतःच्या घरचा. हातात टेप, खिशात खडू, काखेत फॉर्मचं पॅड. कुणाला अडवायचा अधिकार नाही, पकडायची तर बातच सोडा. रस्त्यात दोन गाड्या घासल्या, आरसा फुटला, पत्रा चेपला आणि माणसं धडधाकट राहून एकमेकांची आईबहीण काढायला लागली, की हवालदार फोन खाली ठेवून ओरडायचा, "अर्धे साहेब, तुमचं गिऱ्हाईक आलं!" मग सगळी चौकी फिदीफिदी हसायची आणि अर्धे साहेब जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून बाहेर पडायचे.

खात्याने ही सोय पाच वर्षांपूर्वी काढली. वर्दीतल्या माणसांचा निम्मा दिवस असल्या किरकोळ धडकांत जातो, त्यांना मोठ्या कामाला लावावं आणि आरसे-बंपर मोजायला साधी माणसं घ्यावीत, असा विचार. तीन आठवड्यांचं शिक्षण, वर्षावर्षाचा करार, आणि पहिल्याच दिवशी डोक्यात ठोकलेला एक नियम. रक्ताचा थेंब दिसला की हात मागे घ्यायचा आणि वर्दीला बोलवायचं. पंचनामा हा शब्दही वर्दीचाच. यांच्या कागदाला 'जागेचा तक्ता' म्हणायचं. कोणती गाडी कुठे होती, चूक कुणाची, खाली सही, संपलं. पण त्या सहीवर लोकांचे परवाने आणि नोकऱ्या टांगलेल्या असत. हे हसणाऱ्यांना ठाऊक होतं आणि अर्ध्या साहेबांना तर जरा जास्तच ठाऊक होतं.

मूळचे ते फर्निचरच्या कारखान्यात नकाशे काढणारे. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा वय अठ्ठेचाळीस. पुढची दोन वर्षं घरात बसून त्यांनी बायकोचं डोकं खाल्लं. भाजीच्या फोडी सारख्या नाहीत, दोरीवरच्या चादरीची दोन्ही टोकं एका रेषेत नाहीत, एक ना दोन. ही नोकरी लागली तेव्हा सगळ्यात मोठा सुस्कारा बायकोनेच टाकला. आता हे जगाचं मोजतील आणि मला सोडतील, असं ती शेजारणीला म्हणाली होती.

खोड लहानपणापासूनची. दोघे भाऊ एका गादीवर झोपायचे. हे थोरले, आठ वर्षांचे, तो धाकटा, पाचचा. थोरल्याने गादीच्या मधोमध खडूने रेघ मारली होती. धाकट्याचा पाय झोपेत रेघेपलीकडे आला की त्याला उठवून, पाय कुठे आहे ते दाखवून, मग फटका द्यायचा. झोपेत मारलं तर त्याला कारण कळणार नाही, म्हणून आधी उठवायचं. आई हे कौतुकाने सांगायची. "माझा थोरला कधी उगाच हात उचलायचा नाही," म्हणायची.

तर अशा माणसाच्या हाती खात्याने टेप दिला. शिकवताना सांगितलं होतं की रस्त्याच्या दोन्ही कडांपासून मोजा आणि दर वेळी मध्य नव्याने काढा. पण त्याला दोन माणसं लागतात, वाहतूक थांबवावी लागते, आणि अर्ध्या साहेबांसाठी वाहतूक कोण थांबवणार? लोक हॉर्न मारून अंगावर यायचे. मग त्यांनी एक शक्कल लढवली. पहिल्या वर्षीच्या सगळ्या सुट्ट्या खर्ची घालून, टेपचं दुसरं टोक बायकोच्या हातात देऊन, त्यांनी हद्दीतला प्रत्येक दिव्याचा खांब रस्त्याच्या मध्यापासून किती लांब आहे ते मोजलं आणि एका जाड वहीत उतरवलं. दोनशे अकरा खांब. बायकोला त्या वर्षी दुसरी करमणूक मिळाली नाही. पण त्यानंतर अर्धे साहेब कुठेही गेले की खांबाचा नंबर बघायचा, वही उघडायची, खांबापासून गाडीच्या चाकापर्यंत टेप लावायचा, वजाबाकी करायची, की झाला न्याय. वीस मिनिटांत तक्ता. वर्दीवाल्यांना याच कामाला दोन तास लागायचे. मोठ्या साहेबांनी ती वही मागवून घेऊन चाळली होती आणि "वा" म्हणाले होते.

आणखी एक पद्धत त्यांची स्वतःची होती. जमलेल्या बघ्यांत जो सगळ्यात जास्त तोंड चालवतोय, त्यालाच टेपचं टोक खांबाला धरायला लावायचं. "तू फक्त धर. बोलू नकोस." माणसाच्या हातात सरकारी काहीतरी आलं की त्याची वाचा बसते, हे त्यांनी ओळखलं होतं.

धाकटा शाळेची बस चालवायचा. एकोणीस वर्षं. भाऊ म्हणून दोघांत साम्य शोधायला गेलं तर कानाच्या पाळ्या सोडून काही सापडलं नसतं. धाकटा बडबड्या, थट्टेखोर, शर्टाचं एक बटण कायम तुटलेलं. प्रत्येक थांब्यावर त्याचा हॉर्न ठरलेला होता, दोन छोटे आणि एक लांब. तो ऐकला की पोरं तोंडातला घास तसाच घेऊन धावत सुटायची. आई त्याच्याकडेच राहायची, कारण थोरल्याच्या घरात पेलाही ठरल्या जागी ठेवावा लागे. राहायची धाकट्याकडे आणि गुण गायची थोरल्याचे. धाकट्याला त्याचं काही वाटायचं नाही. तोही दादाचे गुण गायचा, फक्त थोड्या नकला करून.

बस कंपनीचा एक कायदा होता. तक्त्यावर दोनदा चूक लागली की स्टिअरिंगला हात लावायचा नाही, मग तुम्ही कितीही जुने असा. धाकट्याची एक आधीच लागलेली होती. शाळेच्याच फाटकाला बस घासली होती.

त्या दिवशी हवालदाराने फोन ठेवला, पण ओरडला नाही. उठून जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "अर्धे साहेब, गिऱ्हाईक घरचंच आहे. तुमचा भाऊ. बस आणि स्कूटर. स्कूटरवाला दातांचा डॉक्टर आहे, लागलेलं नाही, पण ओरडतोय फार."

"नात्यातलं मी घेऊ शकत नाही. नियम आहे."

"तुमच्यातला दुसरा रजेवर आहे. वर्दी पाठवली तर भावाचा दिवसभर चोथा होईल. जा की. मिटवून या." आणि हवालदाराने चक्क डोळा मारला.

चौकीतले सगळे बघत होते. कुणी हसत नव्हतं. उलट पहिल्यांदाच त्यांच्याकडे आपल्यातला माणूस म्हणून बघत होते. घरचं प्रकरण आहे, जाईल, सांभाळून घेईल, आपणही घेतोच की. नेमकं तेच अर्ध्या साहेबांच्या मनाला झोंबलं. पाच वर्षं हे लोक मला हसले आणि आता मला यांच्यासारखा समजतात? ते जाकीट घालून निघाले तेव्हाच, रस्ता बघायच्या आधी, टेप उलगडायच्या आधी, त्यांच्या मनात काहीतरी ठरून गेलं होतं. त्याला ते निःपक्षपातीपणा म्हणत.

सतरा नंबरच्या खांबापाशी बस उभी होती, रिकामी. स्कूटर आडवी, आरशाच्या काचा सांडलेल्या. दातांचा डॉक्टर फाटलेली पँट प्रत्येकाला दाखवत फिरत होता. धाकटा बसच्या पायरीवर बसला होता. दादाला बघून त्याचा चेहरा खुलला.

"बरं झालं तू आलास. म्हटलं कुणी उपटसुंभ येतो की काय."

"मी ड्यूटीवर आहे," अर्धे साहेब म्हणाले. "मला 'अहो' म्हण."

धाकट्याला ती थट्टा वाटली. तो हसत उठला, खोटाच सलाम ठोकला आणि म्हणाला, "अहो दादासाहेब, हा माणूस फोनवर बोलत मध्ये आला. मी माझी बाजू सोडलेली नाही. रेघेच्या आत होतो मी."

"रेघ कुठाय इथे?"

खरंच नव्हती. मधली पांढरी रेघ कधीच झिजून गेली होती आणि पलीकडच्या कडेला मातीचे ढीग पडलेले होते.

"नसली म्हणून काय झालं? एकोणीस वर्षं चालवतोय, मला कळतं मधलं कुठे आहे ते."

"तुला कळून उपयोग नाही. टेपला कळायला पाहिजे."

कोपऱ्यावरचा पंक्चरवाला सगळ्यांत पुढे येऊन बोलत होता. अर्ध्या साहेबांनी टेपचं टोक त्याच्या हातात दिलं. तो म्हणाला, "साहेब, हा खांब जरा..." ते म्हणाले, "तू फक्त धर. बोलू नकोस." पंक्चरवाला गप्प बसला आणि टोक खांबाला लावून उभा राहिला.

वहीत सतरा नंबरपुढे लिहिलं होतं, पाच मीटर वीस. खांबापासून बसच्या मध्याकडच्या चाकापर्यंत भरलं पाच मीटर साठ. चाळीस सेंटिमीटर बस पलीकडे. त्यांनी दोनदा मोजलं, भाऊ आहे म्हणून तिसऱ्यांदा मोजलं, आणि तिन्ही वेळा आकडा तोच आला याचा त्यांना आनंद झाला. हो, आनंदच. खोटं कशाला बोला.

"चाळीस सेंटिमीटर," ते म्हणाले.

"शक्यच नाही."

"टेप खोटं बोलत नाही."

"दादा," धाकटा जवळ आला. त्याचा आवाज उतरला होता. "हे माझं दुसरं आहे. तुला माहितीये दुसऱ्याचं काय होतं ते. दोघांची चूक लिही. एवढंच. दोघांची लिहिलं तर मी सुटतो."

"मोजलं ते लिहायचं."

"मग मी खोटं बोलतोय?"

"तू खोटं बोलतोस असं मी म्हटलं नाही. तुला वाटतं ते चुकीचं आहे, एवढंच."

तक्ता वाचून दाखवल्यावर गाडीवाल्यालाही सही करावी लागते. धाकट्याने बसच्या पत्र्यावर कागद टेकवून सही केली. सही चौकटीबाहेर गेली. अर्ध्या साहेबांनी दुसरा फॉर्म काढला आणि पुन्हा नीट करायला लावली.

आठ दिवसांत धाकट्याची बस काढून घेतली. कंपनीने दया म्हणून त्याला ठेवून घेतलं, गाड्या धुवायला. रबरी बूट, लांब पाइप, साबणाच्या पाण्याने भेगाळलेली बोटं. कालपर्यंतचे सोबती गाडी धुवायला आत आणताना मुद्दाम त्याचाच हॉर्न वाजवायचे, दोन छोटे आणि एक लांब. पहिले काही दिवस तो हसला. नंतर हॉर्न वाजला की तो पाइपचा जोर वाढवायचा, म्हणजे पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नसे.

घरी आईने एका वाक्यात निकाल लावला. "थोरल्याने मोजलंय म्हणजे बरोबरच असणार. तू पहिल्यापासून धांदरट." हे ती एकदाच म्हणून थांबली असती तर गोष्ट वेगळी. ती वाढताना म्हणायची, निवडताना म्हणायची, शेजारी कुणी विचारपूस करायला आलं की त्यांच्यासमोर म्हणायची. धाकट्याच्या बायकोने थोरल्या घराचं नाव टाकलं. धाकट्याने दादाला फोन करणं बंद केलं. चौदा महिने दोन घरांत चकार शब्द नाही.

आणि इकडे अर्ध्या साहेबांचं भलं झालं. मोठ्या साहेबांच्या कानावर गोष्ट गेली. सख्ख्या भावालाही सोडलं नाही! करार जाऊन कायमची नेमणूक झाली, फोटोचं कार्ड मिळालं. नव्या माणसांच्या प्रत्येक वर्गात मोठे साहेब हेच उदाहरण द्यायचे आणि मागच्या बाकावरून अर्ध्या साहेबांना उभं करायचे. पोरं टाळ्या वाजवायची. हवालदारही आता 'अर्धे' म्हणत नव्हता, नुसतं 'साहेब' म्हणायचा, फक्त डोळे वर करून बघायचा नाही. भावाची आठवण आली की अर्ध्या साहेबांना वाईट वाटायचं, अगदी मनापासून वाटायचं. पण ते वाईट वाटणं असं होतं की त्यात स्वतःबद्दलचा मान आणखी वाढत असे.

चौदा महिन्यांनी सतरा नंबरलाच पुन्हा एक धडक झाली. पावाची गाडी आणि एक मोटार. आता रस्ता नवा झाला होता, मध्ये पांढरीशुभ्र रेघ नुकतीच मारलेली. अर्ध्या साहेबांनी सवयीने वही उघडली, पाच वीस. मग आता रेघ आहेच तर ताळा पाहावा, म्हणून खांबापासून रेघेपर्यंत टेप लावला. पाच ऐंशी.

त्यांना रेघ मारणाऱ्यांचा रागच आला. पुढच्याच चौकात रस्त्याचा मुकादम रंगाच्या डब्यावर बसून चहा पीत होता. अर्धे साहेब तणतणत त्याच्यापाशी गेले.

"तुमची रेघ साठ सेंटिमीटर चुकली आहे."

मुकादम हा असा माणूस की त्याची बायको आजारी आहे म्हटलं तर चालेल, पण रेघ वाकडी आहे म्हटलेलं चालायचं नाही. त्याने कप खाली ठेवला. "माझी रेघ? दोन्ही कडांपासून दोरी लावून मारलीये. कुठून मोजता तुम्ही?"

"सतरा नंबरच्या खांबापासून."

"मग तसं बोला ना. तो खांब हललाय. पाण्याची लाइन टाकताना मध्ये येत होता, दोन फूट मागे घेतला." आणि पुरावा मागितल्यासारखा तोच आपली मळकी डायरी काढून पानं उलटायला लागला. "हे बघा. तारखेसकट आहे."

तारीख धाकट्याच्या धडकेच्या आधीची होती. पाच महिने आधीची.

वजाबाकी करायला अर्ध्या साहेबांना कागद लागला नाही. मध्य पाच ऐंशीवर, बसचं चाक पाच साठवर. बस वीस सेंटिमीटर आतच होती. धाकटा म्हणत होता तशी, रेघेच्या आत. साहेब, हा खांब जरा... पंक्चरवाला रोज त्या खांबाला टेकून बसायचा. त्याला ठाऊक होतं. त्याच्या हातात टेप देऊन त्याला गप्प कुणी बसवलं होतं?

दुसऱ्या दिवशी ते मोठ्या साहेबांपुढे उभे राहिले. सगळं सांगितलं. मोठे साहेब शांतपणे ऐकत होते.

"खांब हलवला हे रस्तेवाल्यांनी कळवायला हवं होतं. तुमची चूक नाही."

"पण तक्ता चुकीचा आहे, साहेब."

"तक्ता बंद आहे. तुमच्या वहीत खांब किती?"

"दोनशे अकरा."

"त्यातले किती हललेत?"

 ही गोष्ट अर्ध्या साहेबांच्या डोक्यातच आली नव्हती.

"बघा. एक उघडला की वकील सगळे उघडतील. आणि वर्गातल्या पोरांना मी काय सांगू? भावाला फासावर दिलं, पण नंतर कळलं गुन्हाच झाला नव्हता?" मोठे साहेब हसले. "मी अडवत नाही हं. अर्ज लिहा, मी वर पाठवतो. फक्त तुमचं कार्डही सोबत ठेवून जा, म्हणजे दोनदा हेलपाटा नको."

अर्ध्या साहेबांचा हात छातीवरच्या कार्डाकडे गेला आणि तिथेच राहिला. आधी धाकट्याला सांगू, त्यांनी ठरवलं. नुकसान त्याचं झालंय. तो म्हणेल तसं करू. तो म्हणाला अर्ज कर, तर त्याच पावली करू. असं ठरवल्यावर त्यांना जरा बरं वाटलं, कारण ठरवायचं काम आता दुसऱ्याकडे गेलं होतं.

सुट्टीच्या दिवशी ते धाकट्याच्या दारात उभे राहिले. दार धाकट्यानेच उघडलं. दादाला बघून तो ओरडला, "आई, दादा आलाय!" आणि हात धरून आत ओढलं. त्याची बोटं चिरलेल्या लाकडासारखी लागत होती. आई रडली, भावजय भिंतीकडे बघत का होईना पाणी घेऊन आली. जेवायला बसवलं. आईने ताटात वाढता वाढता दोनदा सांगितलं की थोरला वाळलाय.

"मला तुला एक सांगायचंय," अर्धे साहेब म्हणाले.

"मलाही," धाकटा म्हणाला. "आधी मी सांगू? नाहीतर परत धीर व्हायचा नाही."

अर्ध्या साहेबांनी मान हलवली. त्यांना तेवढीच सवड मिळाली.

धाकट्याने ताटातला हात बाजूला घेतला. "वर्षभर मी तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या. अंथरुणावर पडलो की तेच. मी आत होतो, दादाने मुद्दाम मला बाहेर लिहिलं. मोठा व्हायला लिहिलं. गाड्या धुताना तेच, जेवताना तेच. पोरांवर हात उचलायला लागलो. एकदा हिच्यावर उचलला." भावजय उठून आत गेली. "मग एक दिवस वाटलं, समजा मी खरंच बाहेर गेलो असेन तर? डॉक्टर चुकवताना असेन गेलो. आणि दादा, खरं सांगतो, हळूहळू मला दिसायलाच लागलं. स्टिअरिंग मी एवढंसं ओढलं होतं. आता तर स्वच्छ आठवतं. सख्ख्या भावाने खोटं लिहिलं, हे धरून जगता येत नाही रे. माझी चूक होती म्हटलं की सगळं जागच्या जागी बसतं. झोप लागते आता. पोरांनाही सांगितलं, काकावर राग धरू नका, चूक माझी होती."

"आता कसं शहाण्यासारखं बोललास," आई म्हणाली.

"लहानपणीही माझाच पाय रेघेपलीकडे जायचा," धाकटा म्हणाला आणि हसला. चौदा महिन्यांत तो घरात पहिल्यांदा हसला असावा, कारण आतून भावजय दारापर्यंत येऊन बघून गेली. "मला माफ कर. बोल, तुझं काय होतं?"

"जेवल्यावर," अर्धे साहेब म्हणाले. त्यांना हायसं वाटलं होतं, आणि हायसं वाटलं याची किळसही वाटली. पण जेवण चांगलं झालं होतं आणि त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

निघताना धाकटा पोचवायला आला. रस्ता दोन वळणांनंतर सतरा नंबरच्या खांबावरूनच जात होता. तिथे नेऊन सांगायचं, जागेवर मोजून दाखवायचं, म्हणजे त्याला पटेल, असं अर्ध्या साहेबांनी जेवताना ठरवलं होतं. म्हणूनच सुट्टी असून पिशवीत टेप आणि वही होती.

"इथेच ना?" धाकट्याने विचारलं.

"इथेच. टोक धर जरा खांबाला."

धाकट्याने टेपचं टोक घेतलं आणि दोन्ही हातांनी खांबाला दाबून धरलं, चांगलं घट्ट. दादाच्या कामाला त्याने आजवर कधी हात लावला नव्हता. अर्धे साहेब टेप सोडत पांढऱ्या रेघेपर्यंत गेले. वाकले. सरळ झाले.

"किती भरलं?"

"पाच ऐंशी."

"बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

त्यांनी वही काढली. सतरा नंबरचं पान. 'पाच वीस' खोडलं नाही. त्याच्याखाली 'पाच ऐंशी' लिहिलं, आजची तारीख घातली, सही केली. एकही आकडा खोटा नव्हता. उद्या कुणी वही उघडलीच, तर जुना आकडा आजपर्यंतचा आणि नवा आजपासूनचा, असंच दिसणार होतं.

धाकटा टोक सोडून जवळ आला आणि खांद्यावरून डोकावला. त्याचं बोट आधी एका आकड्यावर गेलं, मग दुसऱ्यावर.

"हे वेगळंच आहे की. खांब हलवला वाटतं?"

"हो."

"कधी?" धाकट्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. "माझ्या त्या वेळेच्या आधी की नंतर?"

समोरून शाळेची एक बस गेली, धुऊन लख्ख केलेली. अर्ध्या साहेबांनी ती जाईपर्यंत वाट पाहिली.

"नंतर," ते म्हणाले.

"तरीच," धाकटा म्हणाला. त्याने मोठा श्वास सोडला आणि स्वतःलाच हसला. "क्षणभर भलतंच डोक्यात आलं होतं माझ्या. सोड." मग त्याने खाली पडलेलं टेपचं टोक उचललं, पुसलं आणि दादाच्या हातात दिलं. "अजून कुठला खांब मोजायचाय? मला आज सुट्टीच आहे."

"नको," अर्धे साहेब टेप गुंडाळत म्हणाले. "एवढाच राहिला होता."